चौथ्या कोपऱ्यातली खूण

आई,

तुझा नकाशा सापडला. ट्रंकेत नाही, कपाटातही नाही. नौपाड्यातल्या आमच्या नकाशांच्या ऑफिसात, माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, सकाळचा चहा यायच्या आधी. स्कॅन करून पाठवलेल्या पंचवीस-तीस नकाशांमधला एक. सवयीने मी खालचा उजवा कोपरा मोठा करून पाहिला तर 'नक्कल करणार' या शब्दांपुढे तुझी आद्याक्षरांची सही. शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून तू तिच्या टोकाला एक ठिपका द्यायचीस, तोसुद्धा जागच्या जागी. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. असं काही अचानक समोर आलं तर मला रडू येईल असं वाटायचं. डोंबलाचं रडू! मला राग आला, आणि आज तीन आठवड्यांनी हे लिहायला बसले तरी तो पुरता गेलेला नाही. म्हणून आधीच सांगून ठेवते, हे पत्र माफीचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि तू असताना जसं भांडण अर्ध्यावर टाकून ओट्यापाशी निघून जायचीस, तसं या वेळी तुला जाता येणार नाही.

तू सरकारी मोजणी खात्यात अनुरेखक होतीस. हा शब्द आता कुणाला कळत नाही. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीला मी सांगितलं, की मूळ नकाशावर पारदर्शक फिल्म अंथरायची, पिना लावायच्या आणि शाईच्या पेनाने रेघ न् रेघ वर उतरवायची, हे माझ्या आईचं काम होतं. ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, तुमची आई झेरॉक्स होती?" मी खूप हसले. तू हसली नसतीस. तू तिला समोर बसवून पाव मिलिमीटरची रेघ आणि अर्ध्या मिलिमीटरची रेघ यातला फरक सांगितला असतास आणि तिचा जेवणाचा डबा तसाच राहिला असता.

काम काय होतं ते सांगते. आंबिवलीच्या पुढे नदीकाठी एक वाडी आहे. पुराचं पाणी कुठवर चढू शकतं याची एक निळी रेषा नव्याने आखली गेली, आणि त्या रेषेच्या आत कुणाची घरं येतात याची यादी करायचं काम आमच्याकडे आलं. यादीत नाव आलं की घराला नोटीस. मग दुरुस्तीची परवानगी बंद, वर खोली चढवणं बंद, आणि आज ना उद्या 'उठा इथून'. यादी माझ्याकडे शेवटच्या तपासणीला आली तेव्हा तिच्यात त्रेचाळीस घरं होती, म्हणजे जवळजवळ अख्खी वाडी. घरांच्या हद्दी घेतल्या होत्या तुझ्या नकाशावरून. त्याचं मूळ शीट केव्हाच जीर्ण होऊन गेलं, त्यामुळे तुझी नक्कलच आता मूळ म्हणून चालते. निळी रेषा मात्र आत्ताची, उपग्रहावरून मोजलेली. मी दोन्ही एकावर एक ठेवलं आणि खाली उपग्रहाचा फोटो लावला. तर काय, वाडीचं देऊळ नदीच्या पात्रात उभं! घरं पाण्यात, विहीर पाण्यात. सगळी वाडी आग्नेयेकडे शंभर-सव्वाशे मीटर घसरलेली. ज्याने यादी केली त्याने फोटो लावून बघायची तसदीच घेतली नव्हती. यंत्राने नावं दिली, याने छापली.

ही घसरण का होते ते तुला कळेल, कारण कागद कसा सरकतो हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पृथ्वी काही गुळगुळीत नाही, म्हणून मोजणीसाठी तिच्या जागी एक गुळगुळीत गोळा मानतात. जुन्या मोजणीवाल्यांनी तो आपल्या देशापुरता नीट बसेल असा बसवला. आताच्या उपग्रहांनी सगळ्या जगाला बसेल असा दुसराच घेतला. दोन्ही गोळ्यांचे मध्य वेगळे, त्यामुळे एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश दोन. याला आम्ही डेटम म्हणतो. डोंबिवलीत एखादा पत्ता एकाने पूर्वेकडून सांगावा आणि दुसऱ्याने पश्चिमेकडून, तसं ते आहे. दोन्ही पत्ते बरोबर, पण पूर्वेचा पत्ता घेऊन तू पश्चिमेला उतरलीस की भलत्याच दारात. तुझ्या नकाशाच्या कोपऱ्यांतले आकडे जुन्या गोळ्याचे. कुणीतरी ते जसेच्या तसे नव्या गोळ्याचे म्हणून टाकले. सॉफ्टवेअर विचारतं बरं का, बारीक अक्षरांत विचारतं, की यातून त्यात कसं न्यायचं. पण तो चौकोन आला की सगळे 'ओके' दाबतात. त्या एका 'ओके'ने त्रेचाळीस घरं नदीत गेली होती.

मी साहेबांना दाखवलं. आमचे साहेब, म्हणजे ऑफिसचे मालक, माणूस वाईट नाही. फक्त त्यांना सगळं सोमवारी द्यायचं असतं. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाले, "हॅ, एवढंच ना? लेयर उचला, देवळावर देऊळ ठेवा, विषय संपवा. दोन मिनिटांचं काम आहे, मॅडम." आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. याला ओढून बसवणं म्हणतात. नकाशा जुळत नाही? धर माउसने आणि ओढ, डोळ्याला बरा दिसेपर्यंत. का जुळत नव्हता हे कुणी विचारत नाही, आणि पुढच्या माणसाला तर कळतही नाही की हा ओढलेला आहे. मी म्हटलं, "देवळावर बसेल साहेब, घरांवर बसेलच असं नाही." ते म्हणाले, "चार-पाच मीटर इकडेतिकडे. कुणाला कळतंय?" मी म्हटलं, "ज्याचं घर रेषेवर आहे त्याला." त्यांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही ना, मॅडम, भलत्याच हट्टी आहात." मी म्हटलं, हो.

आणि तेव्हा मला आपली ठाकुर्लीची खोली दिसली. मी आठवीत आहे. कॉटवर तुझा ड्रॉइंगबोर्ड आहे आणि तू कुठल्याशा गावाची नक्कल काढते आहेस. ओढ्याची रेघ एका जागी विचित्र मोडली आहे, वेडीवाकडी, जशी कुणाच्या कोपराला धक्का लागून गेलेली. तू पाणी प्यायला उठतेस तेवढ्यात मी पेन उचलून ते वळण छान गोल करून टाकते. मला वाटतं, तू शाबासकी देशील. तू परत येतेस, बघतेस, आणि तुझा आवाज मुळीच चढत नाही, तेच वाईट. "ओढ्याला वळण तू देणार? ओढ्याला विचारलंस?" मी म्हणते, पण ते चुकलेलं दिसत होतं. तू म्हणतेस, "दिसू दे. खाली आहे तेच वर उतरवायचं. चुकलेलं वाटलं तर समासात लिहायचं. आपल्या मनाने रेघ ओढायची नाही." मग ब्लेडने माझं वळण खरवडत खरवडत तू ते वाक्य बोललीस, जे मी अजून गिळलेलं नाही. "तुझा हात या कामाचा नाही गं." सहज बोललीस, वाल सोलताना बोलावं तसं. तुला आठवतही नसेल. मला मात्र त्या वाक्याने इथवर आणलंय. बघ, त्याच कामाचं खाते आहे मी आज, त्याच हाताने.

तर मी ओढून बसवलं नाही. साहेबांकडून चार दिवस मागून घेतले आणि रीतसर बसले. सॉफ्टवेअरच्या यादीत जुन्या भारतीय डेटमची पाच-सहा भावंडं आहेत, कुणी थायलंडकडचं, कुणी बांगलादेशाकडचं, कुणी आपलं. एकाचं नाव कलियानपूर. ते दिसलं की नवी मंडळी ओरडतात, आपलं कल्याण आलं! आपलं नव्हे ते, मध्य प्रदेशातलं, जिथल्या एका दगडापासून जुनी मोजणी धरली होती. यादीतलं पहिलंच 'भारतीय' नाव घेऊन पाहिलं तर वाडी नदीतून उठून वीटभट्टीवर जाऊन बसली. एकदा घाईत अक्षांशाच्या जागी रेखांश पडला आणि आंबिवली थेट नॉर्वेच्या वरच्या समुद्रात. त्या दिवशी मी एकटीच इतकी हसले की शेजारच्या केबिनमधून विचारणा झाली. मग बरोबर डेटम, त्याचे बरोबर आकडे, आपल्या भागासाठीचे. वाडी उठली, वायव्येकडे सरकली आणि जवळजवळ जागेवर बसली.

जवळजवळ. तिथेच माझं डोकं फिरलं. नकाशाच्या पश्चिमेकडे सगळं चोख, आणि वाडीकडे यावं तसतसं पूर्वेला सरकत गेलेलं. डेटमची चूक असती तर सगळीकडे सारखी असती. ही चूक कागदाची होती. कागदाचे चार कोपरे, प्रत्येकात एक फुली, तिच्यावरून नकाशा जमिनीवर बांधायचा. मी कोपऱ्यांची चूक काढायला लावली तर सॉफ्टवेअर म्हणतं, चारही कोपरे अडीच-अडीच मीटर चुकलेले. चौघेही सारखेच! असलं लबाड ते. चुकलेला असतो एक, पण ते चूक सगळ्यांत वाटून टाकतं आणि चौघांना सारखंच गुन्हेगार ठरवतं. कोण चुकलंय ते पडद्यावर बसून कळेना, म्हणून मी जीपीएसचं यंत्र, त्याची काठी आणि तुझ्या नकाशाचा कागदावर काढलेला प्रिंट घेतला आणि आंबिवलीला उतरून रिक्षाने वाडीवर गेले.

तुझ्या नकाशात वाडीच्या नदीकडच्या टोकाला एक इवलासा त्रिकोण आहे, मध्ये ठिपका. मोजणीचा दगड. मला वाटलं होतं, कधीच गेला असेल कुणाच्या तरी घराच्या पायात. शेवटच्या घरापुढे एक आजी सुकट निवडत बसल्या होत्या. मी दगडाचं विचारलं तर आधी माझ्या काठीकडे बघून म्हणाल्या, "तू यादीवाली काय गो?" मी म्हटलं, यादी तपासायला आलेय. म्हणाल्या, "तपास बाय. एवरे पावसाले गेले, माजे उंबऱ्याला पानी लागला नाय. आता कागदाव लागला." मग उठून त्यांनी मला घराच्या मागे नेलं. दगड तिथेच होता. शेंदूर फासलेला, पुढे नारळाची शेंडी, बाजूला विझलेली उदबत्ती. मोजणीच्या दगडाचा त्यांनी देव केला होता, आणि देव झाला म्हणूनच तो तसूभर हलला नव्हता. मी चप्पल काढून, शेंदराला धक्का न लावता, यंत्राची काठी त्याच्यावर धरली. आजी हात जोडून उभ्या. मी देवळाचंही विचारलं. म्हणाल्या, जुनं देऊळ पाडून नवं बांधलं तेव्हा ते मागे सरकवून मोठं केलं, जुनं होतं तिथे आता मंडप आहे. म्हणजे साहेबांच्या सांगण्यावरून मी देवळावर देऊळ ठेवलं असतं, तर अख्खी वाडी पुन्हा चुकीच्या जागी बसली असती आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. निघताना आजींनी विचारलं, "माजा घर हाय ना यादीत?" मी म्हटलं, आज तरी आहे. खोटं कसं बोलू? त्या म्हणाल्या, "मंग काड."

ऑफिसात येऊन आकडे घातले. तुझ्या नकाशावरचा दगड खऱ्या दगडाच्या सात मीटर पूर्वेला पडत होता. आजींचं घर त्यामुळे निळ्या रेषेच्या चार मीटर आत. सात मीटर मागे आलं तर तीन मीटर बाहेर. सगळं त्या सात मीटरांवर अडलेलं. मग मी ती त्रिकोणी मोजपट्टी काढली, पहिली नोकरी लागली तेव्हा तू मला दिलेली, कडा पिवळ्या पडलेली. तू तेव्हा म्हणाली होतीस, "कॉम्प्युटर चुकला तर हिला विचार." मी तुला हसले होते. प्रिंटवर फुल्यांमधली अंतरं मोजली. पश्चिमेची बाजू बरोबर, खालची बरोबर. वरची दोन मिलिमीटर आखूड. वरचा उजवा कोपरा आत सरकलेला. त्या नकाशात दोन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दहा मीटर, चूक चौघांत वाटली गेल्याने वाडीपाशी त्यातले सात उरले होते. तो एक कोपरा सोडून उरलेल्या तिघांवर नकाशा बांधला, आणि दगड दगडावर येऊन बसला, हातभराच्या फरकाने.

मग मी पडद्यावर तो कोपरा मोठा केला, आणखी मोठा केला. तीन कोपऱ्यांतल्या फुल्या तुझ्या. सरळ, सारख्या जाडीच्या, टोकाला पेन हलकेच उचललेलं. चौथी थरथरलेली. आडव्या रेघेला बारीक बारीक लाटा आहेत, आणि शेवटी शाईचा फुगा. ती थरथर मी ओळखली. आपली खोली रुळांना लागून होती, गाडी गेली की भांडीसुद्धा वाजायची. तू गाडीचा आवाज लांबून ऐकायचीस आणि पेन हवेत धरून थांबायचीस, गाडी जाईपर्यंत, शेवटचा डबा जाऊन जमीन शांत होईपर्यंत. दिवसातून कितीदा! तुझ्या एकाही रेघेत गाडी नाही. चौथ्या फुलीत आहे.

माझी दहावीची परीक्षा झाली होती. रविवारची दुपार, तू मुख्य आरेखकांना सांगून काम घरी आणलेलं, पत्र्याच्या नळीतून. तू ओट्यापाशी भिजलेले वाल सोलत होतीस. मी बोर्डापाशी होते. हात लागून शाई सांडली, नेमकी वरच्या उजव्या फुलीवर. मी घाबरून ब्लेडने ती खरवडली आणि फुली पुन्हा काढली, अंदाजाने, आणि नेमकी तेव्हाच गाडी आली. मी तुला सांगितलं नाही. नकाशा सोमवारी गेला. काही महिन्यांनी तुला मेमो आला, शेजारच्या शीटशी कड जुळत नाही म्हणून. मेमो फाईलला लागला, नकाशा मात्र तसाच कपाटात राहिला, कुणी बदलला नाही. बदललं ते तुझं टेबल. तुझी पेनं काढून घेतली आणि तुला खाली अभिलेख कक्षात बसवलं, लोकांना नकाशे काढून द्यायला. त्यानंतर तू शाईला हात लावला नाहीस. घरी येऊन म्हणालीस, "डोळे गेले वाटतं माझे," आणि जाऊन चष्म्याचा नंबर वाढवून आलीस. नव्या चष्म्याने तुला महिनाभर गरगरायचं. मी ते रोज बघत होते आणि गप्प होते. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की मेमो त्याच नकाशाचा आहे. खरं सांगू? मी विचारलंच नाही.

पण तुला ठाऊक होतं. इथेच मला राग येतो, आई. ज्या बाईला पाव आणि अर्धा मिलिमीटर नुसत्या नजरेने कळायचा, तिला आपली फुली आणि परक्याची फुली कळली नाही? मेमो आला तेव्हा तो नकाशा तुझ्यापुढे ठेवलाच असणार त्यांनी. तू थरथर बघितलीस. तुला त्या थरथरीत गाडी दिसली असणार, आणि गाडी येत असताना कोण पेन चालवतं तेही. मग घरी येऊन माझ्या कानाखाली का नाही वाजवलीस? डोळे गेले म्हणे! मला कुणी विचारलं होतं, तुला हे ओझं हवं की नको? ओढ्याला विचारायला सांगत होतीस ना, मग मला का नाही विचारलंस? मला ते तुझं मोठेपण नको होतं. मला ओरडा हवा होता. आठवीत ओढा गोल केला म्हणून बोललीस, आणि याच्यावर चकार शब्द नाही. मी त्या गप्प बसण्याला इतकी वर्षं तुझा कोरडेपणा समजले, आणि तुझ्या शेवटच्या आजारपणातसुद्धा तुझ्याशी सरळ बोलले नाही. ते नुकसान कुणी भरून द्यायचं?

शुक्रवारी साहेबांना सगळं दाखवलं. ते खूश झाले, मनापासून. म्हणाले, "सुंदर! आता रिपोर्टमध्ये एक ओळ टाका, मूळ नकाशात अनुरेखकाची चूक. झालं." मी म्हटलं, "अनुरेखकाची नाही." त्यांनी सहीवर बोट ठेवलं. "ही काय सही?" मी म्हटलं, "ती माझी आई." ते हळू आवाजात म्हणाले, "अरे बापरे. मग नाव नका टाकू. नुसतं अनुरेखक लिहा. कोण शोधतंय?" मी म्हटलं, "साहेब, एक ओळ मी लिहिते, तुम्ही वाचा." आणि लिहिलं, की वरच्या उजव्या कोपऱ्यातली फुली अनुरेखकाच्या हातची नाही, शाई सांडल्यामुळे तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीने ती खरवडून अंदाजाने पुन्हा काढली, आणि ती मुलगी म्हणजे हा अहवाल लिहिणारी. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "मॅडम, हा टेक्निकल रिपोर्ट आहे, आत्मचरित्र नाही." मी म्हटलं, चूक कुठून आली ते टेक्निकलच आहे. "सरकारी नकाशा घरी नेला होता हे तुम्ही लेखी देताय. आईचंच नाव खराब होईल." मी म्हटलं, "वरिष्ठांना सांगून नेला होता, तेही लिहिलंय. आणि चूक तिची नव्हती हे लेखी द्यायला मला उशीरच झालाय." ते म्हणाले, ही ओळ काढलीत तरच सही करतो. मी म्हटलं, मग माझी एकटीची सही घालून पाठवा, पण दुसरी ओळ टाकून पाठवलंत तर मी स्वतः जाऊन सांगेन. साधारण अर्धा तास ते रिपोर्ट मागेपुढे चाळत बसले. मग त्यांनी पेन काढलं आणि सही केली, पुटपुटत. काय पुटपुटले ते तुला सांगण्यासारखं नाही.

यादी बदलली. त्रेचाळीसपैकी दोन घरं राहिली, ती खरोखरच खाली उताराला आहेत, त्यांना मी वाचवू शकले नाही आणि तसा प्रयत्नही केला नाही. एकेचाळीस सुटली. परवा वाडीवर जाऊन आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "देवानीच सांगलंन तुला." मी म्हटलं, हो, त्यानेच. त्यांनी मला वाटीभर सुकट बांधून दिली, तिचा वास अजून माझ्या बॅगेला आहे.

हे पत्र मी कुठे टाकणार? तुझ्या मोजपट्टीच्या डब्यात घडी करून ठेवते, तिथे कुणी बघत नाही. पण ठेवण्याआधी एक राहिलं. अहवालात मी लिहिलंय की शाई सांडली. वर तुलाही तेच लिहून बसले, इतकी सवय झालीय त्या वाक्याची. शाई सांडली नव्हती. खरवडल्याची खूण त्या फिल्मवर कुठेच नाही. कुणी भिंग लावून बघितलं तर मी पकडली जाईन, बघू दे. तो कोपरा कोरा होता. तीन फुल्या काढून तू वाल सोलायला गेली होतीस, आणि मला तुझ्या नकाशात एक खूण माझी हवी होती. तू हात पुसत परत आलीस. भरलेला कोपरा बघितलास, मग माझ्याकडे बघितलंस. मी खिडकीबाहेर बघत होते. तू भिंग उचललं नाहीस, फिल्म खालच्या शीटवर जुळवून बघितली नाहीस. नुसती खाली वाकलीस आणि सही केलीस, शेपटी ओढून, टोकाला ठिपका देऊन. अहवालात हे लिहिलं असतं तर 'न तपासता सही केली' असा शेरा तुझ्या नावापुढे कायमचा बसला असता. साहेबांना मी काहीएक ओढून बसवू दिलं नाही, आई. ही एक ओळ मात्र मीच ओढून बसवलीय.